हवा आधी, रुंदी नंतर

नमस्कार दादा,
मी रोज कामावर सायकलने जाते, जाऊन-येऊन २६ किलोमीटर. निम्मा रस्ता चांगला डांबरी आहे, उरलेला उखडलेला, जागोजागी खडी वर आलेली. रविवारी मैत्रिणींबरोबर कालव्याच्या कडेच्या कच्च्या वाटेवर जाते. माझं वजन ६२ किलो. मागे कॅरियरवर सहा किलोची बॅग असते. सायकल बारा किलोची, डिस्क ब्रेकची, टायर ७०० बाय २८, म्हणजे २८ मिलिमीटर रुंद. महिन्यातून एकदा, टायरवर लिहिलंय तेवढी, म्हणजे दाब १०० पीएसआय होईल इतकी हवा भरून घेते. तरी दोन महिन्यांत मागचं चाक तीनदा पंक्चर झालं आणि प्रत्येक वेळी ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं. अर्ध्या तासानंतर तळहातांना मुंग्या येतात. ऑफिसातले एकजण म्हणतात, २५ चे टायर घाला, सायकल पळेल. मैत्रीण म्हणते, डोंगरी सायकलीसारखे जाड दातेरी टायर घाल, पंक्चरची कटकटच नको. फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये, टायरच्या दोन्ही बाजूंना माझी करंगळी आरामात जाते. पावसाळ्यात मडगार्ड लावायचे आहेत. कुणाचं ऐकू?

ताई, नमस्कार.

तुम्ही रुंदी विचारली आहे आणि ती मी सांगणारच आहे. पण तुमच्या पत्रात दोन तक्रारी अशा आहेत की त्या एकाच सायकलीत एकत्र दिसल्या तर माणूस गोंधळावा. हातांना मुंग्या येतात, म्हणजे टायर फार कडक. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, म्हणजे टायर फार मऊ. सायकलवाले त्याला स्नेक बाइट म्हणतात. चाक खड्ड्याच्या काठावर आपटतं, हवा कमी असल्याने टायर पार रिमपर्यंत दबतो आणि रिमच्या दोन कडा ट्यूबला सापाच्या दातांसारख्या चावतात. खिळ्याने किंवा काचेने एकच भोक पडतं. तेव्हा एकच टायर कडकही आणि मऊही कसा?

उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: महिन्यातून एकदा. हवा भरल्यावर पहिला आठवडाभर सायकल कांबीसारखी ताठ असते आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा तुमच्या तळहाताला कळतो. पुढे ट्यूबच्या रबरातून हवा रोज थोडीथोडी झिरपत जाते. बारीक टायरमध्ये मुळातच हवा थोडी, त्यामुळे दाब भराभर उतरतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मागचं चाक, ज्यावर तुमचा जास्त भार आणि वर ती बॅग, इतकं मऊ होतं की पहिला धारदार खड्डा ट्यूब घेऊन जातो. तीनही पंक्चर कुठल्या तारखांना झाले ते आठवून पाहा. हवा भरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला त्यात एकही नसणार, असं मला वाटतं.

आणि तो १०० चा आकडा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा बहुतेक वेळा कमाल मर्यादा असतो, त्यापुढे जाऊ नका एवढंच तो सांगतो. तुमचं वजन, बॅग, रस्ता यांतलं काहीच टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. तुमच्या बाबतीत २८ च्या टायरला मागे ८० आणि पुढे ६५ पीएसआय इथून सुरुवात करा. पुढचं मुद्दाम कमी ठेवायचं, कारण सायकलीवर पुढच्या चाकावर भार कमी येतो. बॅग धरून तुमच्या मागच्या चाकावर साधारण ५० किलो आणि पुढच्या चाकावर ३० किलो येत असतील. दोन्हीकडे सारखीच हवा भरली की पुढचं चाक उगाच कडक राहतं, आणि हात तर पुढेच असतात. दर आठवड्याला घरीच दाबमापक असलेल्या उभ्या पंपाने हवा बघा. नवा टायर घेण्याआधी दोन आठवडे एवढंच करा. अर्धा त्रास इथेच जाईल.

आता सहकाऱ्यांच्या सल्ल्याकडे येते गाडी. बारीक टायर म्हणजे वेगवान, ही समजूत कुणी वेडेपणाने धरलेली नाही. प्रयोगशाळेत टायर गुळगुळीत पोलादी ड्रमवर फिरवून मोजले जायचे, आणि तिथे हवा जितकी वाढवाल तितका टायर हलका फिरायचा. बारीक टायरलाच खूप हवा सोसते, म्हणून बारीक टायर जिंकायचा. १९९० च्या दशकात शर्यतीच्या सायकलींवर २३ मिलिमीटर, कधी त्याहून बारीक टायर असायचे, ते याच विचाराने. पण त्या ड्रमवर एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे माणूस. खऱ्या रस्त्यावर कडक टायर खड्यात दबत नाही. तो सायकलीला आणि वर बसलेल्या माणसाला उचलतो. तुमचे स्नायू, पाठ, हात तो धक्का गिळतात, आणि गिळलेल्या प्रत्येक धक्क्यात तुम्हीच पायडलवर लावलेली ताकद खर्च होते. त्यामुळे एका मर्यादेपर्यंत हवा वाढवली तर सायकल हलकी चालते, त्यानंतर जड. रस्ता जितका खडबडीत, तितकी ही मर्यादा लवकर येते. आज शर्यतीचे मोठे संघ चांगल्या रस्त्यावर २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात. पॅरिस-रूबे या दगडी फरशांच्या शर्यतीत तर ३० आणि ३२ सर्रास दिसतात. त्या लोकांना आरामाची नव्हे, सेकंदांची पडलेली असते.

खरं तर सायकलीच्या हवेच्या टायरचा इतिहास इथूनच सुरू होतो. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७-८८ मध्ये बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला, तो धक्के कमी व्हावेत म्हणून. लगेच १८८९ साली त्याच गावात विली ह्यूम हा सायकलपटू असे टायर लावून शर्यतीत उतरला आणि भरीव रबराच्या चाकांवरच्या लोकांना मागे टाकून जिंकला. धक्का कमी करणारी वस्तू वेगही देते, हे तेव्हाच दिसलं होतं.

बारीक टायरवर वेग जास्त वाटतो, हेही मी मानतो. हँडल झिणझिणतं, आवाज येतो, शरीराला वाटतं आपण सुसाट निघालोय. मी स्वतः बरीच वर्षं हा भास खरा मानून चाललो. मग रोजच्या रस्त्यावरच्या एका उखडलेल्या उतारावर साधा प्रयोग केला. ठरलेल्या जागेवरून पायडल न मारता सायकल सोडायची आणि ती कुठे थांबते तिथे खडूने खूण करायची. ३२ च्या टायरमध्ये ७५ पीएसआय हवा असताना सायकल जिथे थांबली, त्याच्या पुढे ती ५० वर गेली. एकदा नाही, प्रत्येक वेळी. तुम्हीही हा प्रयोग करा, माझ्या शब्दापेक्षा तो मोलाचा आहे. वारा नसलेली सकाळ निवडा, कपडे आणि बसण्याची ढब तीच ठेवा, आणि प्रत्येक दाबाला तीन-तीन वेळा सोडा.

म्हणजे टायर घेताना आपण खरं तर हवेची जागा विकत घेत असतो. २८ च्या जागी ३५ चा टायर घातला तर रुंदी सातच मिलिमीटर वाढते, पण आतल्या हवेची जागा जवळजवळ दीडपट होते, कारण ती रुंदीच्या वर्गाने वाढते. २५ घातला तर असलेल्या हवेतला पाचवा हिस्सा जातो. एवढ्या थोड्या हवेवर तुमचं वजन आणि बॅग पेलायची तर ती दाबून भरावी लागणार, आणि पुन्हा मुंग्या. तुमच्या निम्म्या उखडलेल्या रस्त्यासाठी २५ चा सल्ला मी मनापासून नाकारतो.

रुंद टायरला कमी हवा का पुरते, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते माहीत नसल्याने पुष्कळ लोक रुंद टायर घेऊनही नाराज होतात. टायरच्या कापडावर येणारा ताण हा दाब आणि रुंदी यांच्या गुणाकाराने ठरतो. २५ च्या टायरमध्ये १०० पीएसआयला जो ताण येतो, तोच ४० च्या टायरमध्ये साधारण ६२ ला येतो. म्हणून रुंद टायरमध्ये जुनाच आकडा भरला तर तो दगडासारखा लागतो आणि माणूस म्हणतो, पैसे वाया गेले. रुंदी वाढवली की हवा उतरवायचीच. ती उतरवली की टायर रस्त्यावर जास्त टेकतो. तुमचं मागचं चाक ८० पीएसआयला जमिनीला जेमतेम नऊ चौरस सेंटिमीटर टेकत असेल, ५५ ला तेरा. खडीवर पकड मिळते ती इथून.

आता मैत्रिणीचा सल्ला. तिचा रोख बरोबर आहे, टायर जाडच हवा. चूक आहे ती दातांत. दातेरी टायरचे गोटे कामाला येतात ते जमीन इतकी मऊ असेल की दात तिच्यात रुततील, तेव्हाच. डांबरावर ते रुतणार कुठे? तिथे ते प्रत्येक फेरीत वाकतात, सरळ होतात, घोंगावतात, आणि त्या वाकण्यात तुमची ताकद जाते. वळणावर तर ते आडवे होतात आणि सायकल सरकल्यासारखी वाटते. पावसात दातांमुळे पाणी कापलं जातं असंही सांगतात. गाडीचा रुंद, सपाट टायर पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला खोल खाचा लागतात. सायकलीचा टायर अरुंद, गोल आणि जास्त दाबाचा असतो. तो आपल्या नेहमीच्या वेगात पाण्यावर तरंगतच नाही, त्यासाठी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जावं लागेल. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायर उत्तम पकडतो, तो रबराच्या मऊपणामुळे. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि लोखंडी झाकणं मात्र ओली असली की कुठल्याही टायरला दगा देतात. त्यांच्यावरून सरळ जायचं, वळायचं नाही आणि ब्रेकही मारायचा नाही.

तुमच्यासारखेच इतरही विचारतात, म्हणून कुठल्या जमिनीला काय, ते एकदा सांगतो. रस्ता खरंच गुळगुळीत असेल आणि सायकलीवर सामान नसेल तर २८ ते ३२ मध्ये कुणाची काही तक्रार राहत नाही. उखडलेलं डांबर, फरसबंदी, जोडांचे काँक्रीट रस्ते यांना ३२ ते ३८. खाली घट्ट आणि वर बारीक खडी असलेल्या कच्च्या रस्त्याला ३८ ते ४५, आणि खडी सुटी, खोल, मुठीत न मावणारी असेल तर ४५ ते ५०. त्यापुढे दगडधोंड्यांच्या, मुळांच्या डोंगरवाटा आल्या की ५५ ते ६० मिलिमीटर, म्हणजे २.२ ते २.४ इंच, आणि तिथे दातही हवेत. कोरडी वाळू आणि बर्फ यांची गोष्टच वेगळी. तिथे चाकाने रुतायचं नसून वर तरंगायचं असतं, म्हणून चार इंच आणि त्याहून रुंद टायर, हवा फक्त ५ ते १० पीएसआय.

चिखलाचं गणित मात्र उलटं आहे आणि ते मला फार आवडतं. वर चिखल आणि खाली घट्ट जमीन असेल तर बारीक टायर चिखल कापून खालच्या जमिनीवर टेकतो. रुंद टायर वरच घसरत राहतो. शिवाय चिकट माती टायरला बिलगून फोर्कमध्ये दाटते आणि चाक जाम होतं. बारीक टायर असला तर तिला पडायला जागा मिळते. चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींत आंतरराष्ट्रीय नियमाने टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि त्या रुंदीवर ते लोक कमाल करतात. तेव्हा तुमची कालव्याकाठची वाट पावसात चिकट होत असेल तर त्या रविवारी दुसरीकडे जा. त्यावर टायरचा उपाय शोधत बसू नका.

या सगळ्यात मी एक नियम पाळतो. रस्त्याचा जो तुकडा सगळ्यात वाईट आहे आणि तरीही ज्यावरून वारंवार जावं लागतं, त्याला टायर निवडायचा. चांगल्या डांबरावर ३५ च्या टायरने तुमचं फारसं बिघडत नाही. दोन टायर मिळून वजन पाव किलोच्या आसपास वाढेल, ते तुमच्या बॅगेत डबा विसरल्याने कमी होणाऱ्या वजनापेक्षा कमी आहे. रुंद टायरला वारा जास्त लागतो हे खरं, पण त्याचा हिशोब ताशी पस्तीस-चाळीसने जाणाऱ्यांनी करावा. उलट खराब तुकड्यावर २८ ने तुमचे हात, ट्यूब आणि मन:स्थिती तिन्ही बिघडतात, हे तुम्ही अनुभवतच आहात. आणि महिन्यातून एकदा येणारी डोंगरवाट डोळ्यांसमोर ठेवून रोजच्या २६ किलोमीटरवर दात घासत जाऊ नये.

तुमच्यासाठी माझी निवड ३५. मधला भाग गुळगुळीत आणि कडेला बारीक नक्षी असलेला टायर बघा. कोरड्या दिवसांत कालव्याकाठी तो पुरून उरेल. सुरुवात मागे ५५, पुढे ४५ पीएसआय. ३८ का नाही? तुमच्या मडगार्डसाठी. करंगळी जाते म्हणजे दोन्ही बाजूंना बाराएक मिलिमीटर जागा असावी. ३५ घातल्यावर प्रत्येक बाजूला साडेआठ उरतील, ३८ ला सात. टायर आणि फोर्क यांच्यात निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा ठेवलीच पाहिजे, कारण खडा अडकला किंवा चाक जरा वाकडं झालं तर तीच वाचवते. मडगार्ड आणि त्यांचे आधार आले की जागा आणखी आवळते.

पण ताई, तुम्ही करंगळी फक्त फोर्कमध्ये घातली आहे. मागे, पायडलच्या धुऱ्याजवळ, जिथे चाक दोन नळ्यांमधून जातं, तिथे जागा बहुधा कमी असते. तिथेही मोजा, आणि फोर्कच्या माथ्याखाली, टायरच्या वरच्या बाजूलाही. टायर रुंद झाला की उंचही होतो. मागे जागा कमी निघाली तर हिरमुसू नका. पुढे ३५ आणि मागे ३२ घाला, हातांचा प्रश्न पुढच्या चाकाचाच आहे. नवा टायर लावल्यावर हँडल वळवून पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागत नाही ना, हेही उभ्या जागी बघून घ्या.

दुकानात ७०० बाय ३५ असं सांगाल, पण टायरच्या बाजूला लहान अक्षरांत ३५-६२२ असा आकडा असतो, तो वाचल्याशिवाय घेऊ नका. ६२२ हा टायर रिमवर जिथे बसतो त्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास आहे. तुमच्या जुन्या टायरवर २८-६२२ असेल. उजवीकडचा आकडा तोच हवा, डावीकडचा बदलायचा. इंचातल्या नावांचा गोंधळ मोठा आहे. २८ इंची म्हणून विकला जाणारा एक टायर ६२२ चा असतो आणि दुसरा, जुन्या धाटणीच्या उंच सायकलींचा, ६३५ चा. दोन्ही एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. रिमवरही ६२२ बाय १९ असं काही लिहिलेलं असतं, त्यातला १९ म्हणजे रिमची आतली रुंदी. ती १७ ते २३ च्या दरम्यान असली की ३५ चा टायर नीट बसतो. रिमवर हुकलेस (म्हणजे कडेला टायर धरणारा आकडा नसलेली रिम) हा शब्द दिसला तर मात्र १०० पीएसआय भरणं आजपासून बंद. तशा रिमना ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही कमाल मर्यादा असते, आणि त्यापुढे टायर रिमवरून उडू शकतो. तसं असेल तर २८ च्या टायरसाठी वर सांगितलेला ८० चा आकडाही तुमच्यासाठी नाही, ७० च्या वर जाऊ नका.

पैसे थोडे जास्त घालायचे असतील तर ते रुंदीत नको, टायरच्या कापडात घाला. दुमडल्यावर सहज वाकणारा टायर ताठ टायरपेक्षा हलका चालतो, आणि हा फरक पुष्कळदा २८ आणि ३५ मधल्या फरकापेक्षा मोठा असतो. पंक्चर अडवणारी जाड पट्टी असलेले टायर ताठ असतात. तुमची पंक्चर काचेची-काट्याची नाहीत, त्यामुळे सगळ्यात जाड पट्टीच्या टायरच्या मागे लागायचं कारण दिसत नाही. ट्यूबही नवी घ्या. जुन्या ट्यूबवर रुंदीचे आकडे छापलेले असतील, त्यात ३५ बसत नसेल तर ती ताणून पातळ होते. चाकाला चुंबक लावून अंतर मोजणारं मीटर असेल तर त्यात परिघ २१३६ च्या जागी २१६८ मिलिमीटरच्या आसपास भरा.

मुंग्यांबद्दल एक शेवटचं. हवा आणि टायर बदलूनही त्या महिनाभरात थांबल्या नाहीत तर बसण्याची ढब बघायला हवी. सीट पुढे झुकलेली असली की सगळा भार तळहातांवर येतो, आणि कोपर ताठ धरले तरी तेच होतं. सायकलवरून उतरल्यावर तासन्‌तास बधिरपणा राहत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

टायर लावल्यावर पहिले काही दिवस हवेचे आकडे वहीत लिहा. सायकल डुलल्यासारखी वाटली किंवा खड्ड्यात रिम आपटल्याचा ठक असा आवाज आला तर त्या चाकात पाच पीएसआय वाढवा. खडी हातात जाणवली तर पुढच्या चाकात पाच कमी करा. बॅगेशिवाय निघाल त्या रविवारी मागे ४८-५० पुरेल. आणि मागच्या ट्यूबला पुन्हा शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर त्या दिवशी चाकात किती हवा होती तो आकडा घेऊनच मला लिहा.